एक मीटरची काठी आणि पाडलेल्या घराची खिडकी

आमचं जुनं घर पाडलं त्याला तीन वर्षं झाली. जागा मोकळी पडली आहे, जोत्याचे दगडही उचलून नेलेत. मागच्या अमावास्येच्या आसपास एका रात्री मी तिथे घराची पुढची खिडकी परत उभी केली. मूळ मापाची, मूळ जागेवर, जमिनीपासून चार फूट उंचीवर. हिरवी झडपं, आतून पिवळा उजेड, उभे गज. ती उभी राहायला अडीच सेकंद लागले आणि उभी राहता राहता विझूनही गेली. पण कॅमेऱ्याचं शटर तीस सेकंद उघडं होतं, त्यामुळे फोटोत ती आहे. तिचा उजेड खालच्या गवतावर पडलाय. आवारातल्या जुन्या झाडाचं खोड तिच्यापुढे आलंय, डावं झडप त्याच्याआड अर्धं झाकलंय आणि खोडाच्या कडेला एक बारीक हिरवट रेघ उमटली आहे. मामेबहिणीला फोटो पाठवला तेव्हा तिने पहिल्यांदा हेच विचारलं, "ताई, हे नंतर कॉम्प्युटरवर चिकटवलंस ना?" नाही चिकटवलं. त्या रात्री तिथे जे घडलं तेच कॅमेऱ्याने टिपलं.

हे ज्या काठीने केलं, ती मी वर्षभर वापरते आहे. तिच्याबद्दल सविस्तर लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

आधी माझ्या कामाबद्दल, कारण काठी घेण्यामागे तेच आहे. इमारतींची त्रिमितीय मॉडेलं करणं हा माझा पंधरा वर्षांचा पोटापाण्याचा उद्योग. घर बांधून झाल्यावर जागेवर कसं दिसेल, हे ग्राहकाला आधी बघायचं असतं. म्हणून रिकाम्या जागेचा फोटो घ्यायचा, त्यात मॉडेल बसवायचं, मग पुढे आलेल्या फांद्या, ओल्या फरशीतलं प्रतिबिंब, खिडकीतून बाहेर पडणारा उजेड, एकेक गोष्ट जुळवत बसायचं. चांगलं जुळलं तर ग्राहक खूश होतो. मला मात्र कडेकडेला शिवण दिसत राहते. आपण मांडलेलं घर त्या जागेवर कधी गेलंच नव्हतं, हे मला ठाऊक असतं. पडद्यावरची वस्तू खरोखर त्या जागी नेता येईल का, एवढ्या एका ओढीने मी लाइट पेंटिंगकडे, म्हणजे अंधारात शटर उघडं ठेवून उजेडाने चित्र काढण्याकडे, वळले.

काठी म्हणजे ॲल्युमिनियमच्या पन्हळीत बसवलेली एक मीटर लांबीची एलईडी पट्टी. तिच्यात १४४ दिवे आहेत. खाली मूठ, मुठीत मायक्रोकंट्रोलर (दिवे चालवणारी छोटी संगणक-चिप), मेमरी कार्डाची खाच, छोटा पडदा आणि दोन बटणं. वीज पॉवर बँकेतून घ्यायची. कार्डावर चित्र टाकायचं, त्याची उंची १४४ पिक्सेल, रुंदी हवी तेवढी. बटण दाबलं की काठी त्या चित्राचा पहिला उभा स्तंभ दिव्यांवर दाखवते, मग दुसरा, मग तिसरा. अंधारात कॅमेरा ट्रायपॉडवर लावून शटर उघडं ठेवायचं आणि काठी उभी धरून चालत जायचं. प्रत्येक स्तंभ हवेत थोडा पुढे पुढे उमटत जातो आणि शटर बंद होईपर्यंत अख्खं चित्र त्या जागेत उभं राहिलेलं असतं. २०१३ मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर आलेल्या पिक्सेलस्टिक नावाच्या काठीने हा प्रकार खूप जणांपर्यंत नेला. तिच्यात २०० दिवे होते. आता अशा काठ्या अनेक जण बनवतात, आणि एलईडी पट्टी व मायक्रोकंट्रोलर आणून घरीही जमवता येतात. माझ्या काठीच्या कंपनीचं नाव मी लिहीत नाही. तिचे गुण तर सगळ्याच काठ्यांना लागू आहेत, आणि दोष पुढे सांगते, ते कुठलीही काठी घेताना तपासून घ्यावेत असे आहेत.

विकणारे सगळे दिव्यांची संख्या सांगतात. चालण्याबद्दल कुणी काही सांगत नाही, आणि खरी मेख तिथेच आहे. चित्राची उंची काठीने ठरलेली असते; रुंदी ठरते तुमच्या पावलांनी. भराभर चाललात तर चित्र ताणलं जातं, रेंगाळलात तर चेपतं. आमच्या खिडकीचं उदाहरण घेते. जुन्या नकाशावर तिची उंची सव्वातीन फूट, म्हणजे जवळजवळ बरोबर एक मीटर. काठीइतकीच. रुंदी चार फूट, म्हणजे १२२ सेंटिमीटर. मीटरला १४४ या हिशेबाने चित्र १७६ स्तंभ रुंद झालं. सेकंदाला अर्धा मीटर चालायचं ठरवलं तर १२२ सेंटिमीटरला अडीच सेकंदांहून किंचित कमी वेळ लागतो, म्हणून एका स्तंभाला १४ मिलिसेकंद. हे सगळं कागदावर जमलं. पायांना जमवायला तीन रात्री गेल्या. शेवटी दोन खुंट्यांमध्ये सुतळी ताणली, तिला दर अर्ध्या मीटरला गाठ मारली, खिशातल्या फोनवर मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावला आणि दर ठोक्याला एक गाठ मागे टाकत चालायला शिकले. अंधारात गाठ दिसत नाही, ती पायाच्या बोटांना लागली पाहिजे. म्हणून अनवाणी.

उंचीचंही तसंच. चालताना हात खालीवर होतो आणि खिडकीची तळरेघ लाटेसारखी येते. मी काठीच्या तळाला चार फुटांची दोरी बांधून टोकाला नट अडकवला. नट जमिनीला जेमतेम टेकत राहिला पाहिजे. काठीबरोबर आलेल्या कुठल्याच कागदावर हे नाही, पण सरळ रेघ हवी असेल तर याहून सोपं काही मला सापडलेलं नाही.

एक्स्पोजरबद्दल नव्याने सुरुवात करणारे जिथे हमखास अडतात ते सांगते, कारण मीही तिथेच अडले होते. चित्र फार उजळ आलं की आपण शटर लवकर बंद करायला जातो. त्याने चित्रात काहीच फरक पडत नाही. सेन्सरच्या एखाद्या ठिपक्यावर काठीचा उजेड फक्त काठी तिथून जाताना पडतो, मग शटर दहा सेकंद उघडं असो की साठ. चित्राचा उजळपणा ठरतो तो ॲपर्चर (लेन्सच्या छिद्राचा आकार), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता), काठीचा ब्राइटनेस आणि चालण्याचा वेग यांवर. शटरच्या वेळेने बदलते ती भोवतालची रात्र: आकाश, झाड, गवत. म्हणजे हातात दोन वेगवेगळे नळ आहेत. एका नळाने चित्र कमीजास्त करायचं, दुसऱ्याने जागा. आधी बिनकाठीचा फोटो काढून जागा हवी तेवढी उजळ येईपर्यंत वेळ ठरवायची, मग काठीचा ब्राइटनेस तिच्याशी जुळवायचा. माझं मोजमाप बहुतेक वेळा ॲपर्चर एफ ८, आयएसओ २००, तीस सेकंद आणि काठी पंधरा टक्क्यांवर असं असतं. फोकस टॉर्च लावून आधी पक्का करायचा आणि मग मॅन्युअलवर टाकायचा, नाहीतर अंधारात लेन्स चाचपडत राहते. कॅमेऱ्याचं लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शनही बंद करते. ते चालू असलं की तीस सेकंदांच्या फोटोनंतर कॅमेरा आणखी तीस सेकंद काळी फ्रेम घेत बसतो आणि तेवढा वेळ आपण अंधारात ताटकळतो. ऑलिंपसच्या काही कॅमेऱ्यांत लाइव्ह कॉम्पोझिट नावाची सोय आहे. त्यात पहिल्या फ्रेमनंतर फक्त नव्याने उजळलेले भागच भर घालतात, त्यामुळे पार्श्वभूमी जळत नाही आणि चित्र उमटताना मागच्या पडद्यावर दिसतं. भावाच्या मित्राकडचा तसा कॅमेरा एका रात्रीपुरता मिळाला होता. मुळाक्षरं गिरवणाऱ्या मुलाला अक्षर दिसत राहिलं तर जसा हात बसतो, तसा माझा त्या एका रात्रीत बसला.

रंगांमध्ये काळ्यासाठी माझ्या कामाची सवय पूर्ण मोडावी लागली. काठीला काळा रंग येत नाही. काळा म्हणजे दिवा बंद, आणि दिवा बंद असला की तिथे मागे जे असेल तेच राहतं. पांढऱ्या पार्श्वभूमीवरचं चित्र तसंच कार्डावर टाकलं तर हवेत एक पांढरा चौकोन उभा राहतो. सावली रंगवता येत नाही. मागचा दिवा, चकाकणारी भिंत, काहीही उजळ असलं की ते चित्रातून आरपार दिसतं. सुरुवातीला मला ही मर्यादा वाटली. मग खिडकीचे गज करताना विचार बदलला. गज लोखंडाचे, काळे. मॉडेलमध्ये मी ते काळेच ठेवले, म्हणजे पिवळ्या उजेडात उभ्या रिकाम्या फटी. फोटो मोठा करून बघितला तर त्या फटींत मागच्या कुंपणाची तार आहे, एका फटीत एक पान आहे. आमच्या खिडकीचे गज त्या रात्रीच्या खऱ्या अंधाराचे झाले होते. गजाची जाडी मात्र मापाने घेऊन भागलं नाही. मूळ गज बारा मिलिमीटरचा, म्हणजे दोन स्तंभ. शेजारच्या दिव्यांचा उजेड पसरून ते बुजून जात होते. चार स्तंभ दिले तेव्हा डोळ्याला दोनाइतके दिसले.

आता ज्यासाठी मी हे सगळं लिहितेय त्याकडे येते. फोनवर ऑगमेंटेड रिॲलिटीची ॲप आहेत. खोलीत खुर्ची ठेवून बघता येते. तिथे खोलीतलं काय किती लांब आहे याचा फोनला अंदाज बांधावा लागतो, आणि टेबलाचा पाय पुढे की खुर्ची पुढे यात तो पुष्कळदा चुकतो. माझ्या कामातही पुढच्या वस्तूने मागचीला झाकणं, उजेड आणि प्रतिबिंब याच तीन गोष्टींवर सगळे तास जातात. काठी या तिन्ही गोष्टी फुकट देते, आणि खोट्या नाही, खऱ्या देते. झाडामागून चाललं की झाड चित्राच्या पुढे येतं, कारण ते पुढेच असतं. हिरवं झडप उमटतं तेव्हा १४४ दिव्यांमधून खरा हिरवा उजेड बाहेर पडलेला असतो, तो गवताच्या प्रत्येक पात्यावर आपापल्या कोनाने पडतो. पाऊस पडून गेल्यावर एका फरसबंद अंगणात मी कमानींची एक ओळ उभी केली होती. साचलेल्या पाण्यात त्या कमानी उलट्या उतरल्या, वाऱ्याने पाणी जिथे हललं तिथे प्रतिबिंबही विस्कटलं. पडद्यावर असं पाणी करायला मला एक अख्खा दिवस लागतो आणि तरी मन भरत नाही. इथे मी फक्त चालले होते.

म्हणून जागा निवडताना मी आता चित्र कुठे बसेल हे बघत नाही, उजेड कशावर पडेल ते बघते. मोकळ्या मैदानाच्या मधोमध काढलेलं चित्र छान येतं, पण वरून चिकटवल्यासारखंच दिसतं, कारण उजेड पडायला काही नसतं. तेच चित्र भिंतीपासून हातभर अंतरावर, ओल्या फरशीवर, गवतात, एखाद्या खांबाच्या थोडं मागे काढलं की ते त्या जागेचं होतं. काठी घेणाऱ्याने दुसरं काही लक्षात ठेवलं नाही तरी एवढं ठेवावं.

हे वेड जुनं आहे. १८८९ मध्ये फ्रान्समध्ये इटिएन-ज्यूल मारे आणि जॉर्ज देमेनी यांनी चालणाऱ्या माणसाच्या सांध्यांना बल्ब बांधून त्याच्या चालीच्या रेघा फोटोत उतरवल्या होत्या. पण माझा जीव जडलाय तो फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या जोडप्यावर. १९१४ च्या सुमारास ते कामगारांच्या हातांना छोटे दिवे लावून लांब एक्स्पोजरचे फोटो घेत. काम करताना हात कुठे फुकट फिरतो ते शोधायचं होतं. मग त्या उजेडाच्या रेघांवरून त्यांनी तारेची मॉडेलं वाकवली, म्हणजे हाताची हालचाल हातात धरून बघता येईल. मी पडद्यावरची वस्तू उजेडात आणते. त्यांनी शंभर वर्षांपूर्वी उजेडाची वस्तू केली होती. आणि १९४९ मध्ये छायाचित्रकार ज्यॉन मिलीने पिकासोच्या हातात छोटा दिवा दिला आणि पिकासोने हवेत चित्रं काढली, ते फोटो तर बहुतेकांनी कुठे ना कुठे पाहिलेले असतात. पिकासोला आपली रेघ दिसत नव्हती. तीस सेकंद अंधारात चालणाऱ्या कुणालाही त्या धाडसाची किंमत कळेल.

काठी सपाट पत्रा देते. खिडकी, कमान, अक्षरं, यांना ते पुरतं. घन वस्तू हवी असेल तर दुसरी रीत आहे, तीही मी करून पाहिली. २०१० मध्ये, आयपॅड नुकता आला होता तेव्हा, लंडनमधला डिझाइन स्टुडिओ बर्ग आणि जाहिरात कंपनी देन्त्सू लंडन यांनी ही रीत एका छोट्या फिल्मसाठी वापरली. त्रिमितीय मॉडेलचे पावासारखे पातळ काप करायचे, कापांचा व्हिडिओ टॅबलेटवर लावायचा आणि टॅबलेट हवेतून ओढत न्यायचा. प्रत्येक काप आपापल्या जागी उमटतो आणि हवेत घन अक्षर तरंगतं. मी घराचं छोटं मॉडेल असं काढलं, वीतभर उंचीचं, एका पायरीवर. आकार सुरेख आला. पण टॅबलेटचा काळा पडदा पूर्ण काळा नसतो. मागून झिरपणाऱ्या उजेडाने घराभोवती राखाडी धुकं आलं. पडदा ओलेड असेल तर काळ्या भागातले पिक्सेल बंदच राहतात आणि हा त्रास होत नाही. हातात टॅबलेट असेल तर आधी त्यावर करून पाहा. काठी घ्यायच्या आधी आपल्याला अंधारात चालायला आवडतं की नाही तेवढं कळतं. टेबलावर मावणाऱ्या वस्तूंना टॅबलेटच चांगला. माणसाच्या मापाच्या वस्तूंना काठीच.

२०११ मध्ये ऑस्लोच्या वास्तुकला आणि डिझाइनच्या विद्यालयातल्या तिघांनी चार मीटर उंच दांड्यावर ८० दिवे लावले. दांडा चित्र दाखवत नव्हता, तो वायफायचा जोर मोजत होता. सिग्नल जोरात तर जास्त दिवे, मंद तर कमी. तो घेऊन ते रस्त्यांतून चालले आणि शहरात पसरलेलं अदृश्य वायफाय फोटोंमध्ये डोंगरदऱ्यांसारखं उभं राहिलं. डिजिटल जग आणि खरं जग असं आपण म्हणतो तेव्हा जणू दोन वेगळ्या खोल्या असाव्यात तसं बोलतो. त्या फोटोंत ते एकाच गल्लीत, एकाच भिंतीवर दिसतं. माझी काठी तसं मोजत नाही, पण तिचा मायक्रोकंट्रोलर प्रोग्रॅम करता येतो. ज्याला थोडं कोडिंग येतं त्याला ही वाट मोकळी आहे.

आता दोष, आणि ते थोडे नाहीत.

सगळ्यात मोठा: दिव्यांची साखळी. या पट्टीत प्रत्येक दिवा आपला डेटा घेऊन उरलेला पुढच्याला देतो. चौथ्या महिन्यात ९७ वा दिवा गेला, आणि त्याबरोबर वरचे ४७ अंधारले. काठीचा वरचा तिसरा हिस्सा मेला. कंपनीला लिहिलं; पूर्ण पट्टी बदलावी लागेल आणि ती सध्या नाही, एवढंच उत्तर दोन आठवड्यांनी आलं. भावाने तो एक दिवा कापून काढला आणि सुट्या पट्टीतला दिवा जागेवर झाळून दिला. त्यानंतर काठी ठीक चालते, पण सोल्डरिंग येणारा भाऊ प्रत्येकाला नसतो. घेताना पट्टी मधून बदलता येते का, पन्हळ उघडता येते का, हे विचारा.

दुसरा: लुकलुक. माझ्या काठीतले दिवे जुन्या डब्ल्यूएस २८१२ जातीचे आहेत. ते उजेड कमीजास्त करण्यासाठी सेकंदाला सुमारे ४०० वेळा चालू-बंद होतात. चालण्याच्या वेगाला हे दिसत नाही. सेकंदाला अर्धा मीटर चाललं तर दोन ठोक्यांमध्ये मिलिमीटर-सव्वा मिलिमीटर अंतर पडतं. पण काठी गरगर फिरवली, टोक सेकंदाला पाच मीटर गेलं, की वर्तुळ सलग न येता तुकड्यातुकड्यांचं येतं. एपीए १०२ जातीचे दिवे यापेक्षा कितीतरी पट जलद, सुमारे वीस हजार वेळा, चालू-बंद होतात. गोल, पंख, पिसारे असं काही करायचं असेल तर तीच जात बघून घ्या. खिडक्या-दारांपुरतं माझं भागतं.

रंगांनी पहिले दोन आठवडे फार छळलं. पडद्यावर गडद असलेली हिरवी झडपं हवेत फिकट पोपटी येत. चित्राच्या फाइलमधले आकडे डोळ्याच्या संवेदनेनुसार वाकवलेले असतात, एलईडी मात्र सरळ प्रमाणात उजळतो. म्हणून मधले रंग धुवून निघतात. काठीत गामा नावाची दुरुस्ती आहे, पण ती मेनूच्या तिसऱ्या पानावर आणि येते ती बंद करून. चालू केल्यावर रंग जागेवर आले. शिवाय ती फक्त २४ बिटांची बीएमपी फाइल वाचते. दुसरी काही दिली तर नुसता लाल ठिपका. फाइलच्या नावाचे पहिले आठच वर्ण दिसतात, म्हणून मी आता नावं देत नाही, क्रमांक देते आणि वहीत नोंद ठेवते.

विजेचा हिशेब स्वतः करा. पूर्ण पांढऱ्यावर एक दिवा सुमारे ६० मिलिॲम्पिअर ओढतो. १४४ दिव्यांचे साडेआठ ॲम्पिअर होतात. साधी पॉवर बँक दोन-तीन देते. शंभर टक्क्यांवर पांढरं लावून पाहिलं तर टोकाकडचे दिवे लालसर झाले, कारण व्होल्टेज पडलं की निळा आणि हिरवा आधी मान टाकतात. पण अंधारात पंधरा-वीस टक्क्यांच्या वर जायची वेळच येत नाही, त्यामुळे हा दोष कागदावरचाच.

मुठीवरचा छोटा पडदा चित्र चालू असतानाही उजळलेला राहतो आणि चित्राच्या तळाशी एक निळी रेघ ओढतो. मी त्यावर काळी चिकटपट्टी लावली. सोबत आलेलं पांढरं डिफ्यूजर, म्हणजे उजेड पसरवणारं कापड, मी काढून ठेवलंय. ते लावल्यावर दिव्यांचे आडवे पट्टे मिटतात हे खरं, पण गजांसारख्या बारीक गोष्टीही मिटतात. माणसांचे चेहरे, ढग अशा मऊ चित्रांना ते लावा.

आणि अक्षरं काढताना एक. कॅमेऱ्याकडे तोंड करून उभं राहिलं की आपली डावी बाजू कॅमेऱ्याची उजवी होते. पहिल्यांदा मी माझ्या डावीकडून निघाले आणि भाच्याचं नाव आरशातल्यासारखं उलटं आलं. कॅमेऱ्याच्या डावीकडून निघायचं.

एवढं असूनही घ्यावी का, तर मी घ्या म्हणेन, पण ज्याला एका फोटोसाठी चार रात्री द्यायला आनंद वाटेल त्यानेच. झटपट फोटो हवा असणाऱ्याने हिच्या वाटेला जाऊ नये. पहिल्या रात्री हाती लागतात त्या वाकड्यातिकड्या रेघा, आणि काठी कपाटात जाते. सोबत एक माणूस हवं. शटर दाबायला, मेट्रोनोमचे ठोके मोजायला, आणि अंधारात कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज असावा म्हणून. काळे कपडे घाला, थांबू नका, चित्र संपल्याजागी काठीची धार कॅमेऱ्याकडे वळवा.

खिडकीनंतर आम्ही दार करायला गेलो. आईही आली होती. दार साडेसहा फूट उंच, त्यामुळे काठीचे दोन फेरे: एक खालचा, एक वरचा, एकाच उघड्या शटरमध्ये. "खालचा फेरा मी करते," आई म्हणाली. भावाने ठोके मोजले, पण ती ठोक्यांवर चाललीच नाही, आपल्या चालीने चालली. वरचा अर्धा मी तीन फुटांत बसवला होता, तिचा खालचा पावणेचार फूट आला. दार खाली पसरलेलं. मी परत करू म्हणत होते, तेवढ्यात तिने कॅमेऱ्याच्या पडद्यावर बोट ठेवलं. "कडी या दारावर नव्हती. उजव्यावर होती. डाव्याला नुसता कोयंडा."

नकाशात कडी नव्हतीच. मी अंदाजाने काढली होती, आणि वर्षभर मॉडेलमध्ये ती तशीच होती. घरी येऊन बदलली. कडी उजवीकडे घेतलेली नवी फाइल कार्डावर ०४१ क्रमांकाने ठेवली आहे, आणि आईच्या चालीसाठी खालच्या अर्ध्याला स्तंभामागे १४ च्या जागी ११ मिलिसेकंद दिलेत, म्हणजे सुतळीवरची गाठ तिला जेव्हा लागेल तेव्हा लागू दे.